करोडपतीसारखे कार्यक्रम अजून का बघितले जातात? प्रश्न काढणारीचं उत्तर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तुमचे बाबा रोज रात्री 'कौन बनेगा करोडपती' लावतात, स्पर्धकाच्या आधी उत्तर देतात आणि तो चुकला की चिडतात. सगळी उत्तरं फोनवर क्षणात मिळत असताना असे कार्यक्रम पंचवीस वर्षं टिकले कसे? मोठ्या रकमेचं आकर्षण, एवढंच कारण आहे का? आणि हे सगळं आधी ठरलेलं असतं का? मी टीव्हीवरच्या प्रश्नमंजूषांसाठी प्रश्न काढते आणि दुसऱ्यांनी काढलेले तपासते, हिंदी आणि मराठी दोन्हींत. बरीच वर्षं हेच काम केलंय, त्यामुळे उत्तर जरा लांबणार.

आधी रकमेचं बघू, कारण बहुतेकांचा तर्क तिथेच थांबतो. ३ जुलै २००० ला स्टार प्लसवर 'कौन बनेगा करोडपती' सुरू झालं, बक्षीस एक कोटी. ते इतकं गाजलं की त्याच वर्षी झी टीव्हीने 'सवाल दस करोड का' आणलं. रक्कम थेट दहापट, समोर अनुपम खेर आणि मनीषा कोईराला. काही महिन्यांत ते गुंडाळावं लागलं. लोक नुसत्या आकड्याला भुलत असते, तर सगळा देश तिकडे वळला असता. पुढे केबीसीची रक्कमही वाढत गेली. २००५ मध्ये दोन कोटी झाली, मग पाच, मग सात. तरी बहुतेक स्पर्धक कोटीच्या आसपासही पोचत नाहीत, आणि ते भागही लोक तितक्याच चवीने बघतात.

मग खेचतं काय? माझ्या मते या खेळाचा कणा एका साध्या नियमात आहे. प्रश्न आणि चारही पर्याय आधी बघायचे आणि खेळायचं की पैसे घेऊन उठायचं, हे त्यानंतर ठरवायचं. आज आपल्याला यात काही विशेष वाटत नाही, पण पूर्वी असं नव्हतं. १९५५ मध्ये अमेरिकेत सीबीएसवर 'द सिक्स्टी फोर थाउजंड डॉलर क्वेश्चन' हा कार्यक्रम आला. त्यात पुढच्या प्रश्नाला सामोरं जायचं की नाही, हे प्रश्न ऐकण्याआधीच ठरवावं लागे. म्हणजे तो निव्वळ धाडसाचा मामला होता. ४ सप्टेंबर १९९८ ला ब्रिटनमध्ये आयटीव्हीवर 'हू वाँट्स टू बी अ मिलियनेअर' सुरू झालं. ते डेव्हिड ब्रिग्ज, माइक व्हाइटहिल आणि स्टीव्ह नाइट या तिघांनी रचलं होतं आणि त्यात हा क्रम उलटा होता. आपलं केबीसी ही त्याचीच भारतीय आवृत्ती. प्रश्न डोळ्यांसमोर आहे, उत्तर त्या चारांतच कुठेतरी आहे, वाटतंय की 'क' असावं, पण खात्री नाही. आता बोला. माणूस आपल्याच ज्ञानाची किंमत करताना आपल्याला दिसतो, आणि तीही रुपयांत. रकमेचं काम एवढंच की ही शंका बाहेरून दिसावी. शंभर रुपयांसाठी कुणाच्या कपाळावर घाम येत नाही.

यातलं गणित फार कमी प्रेक्षक करून बघतात, म्हणून इथे करते. २००० सालच्या शिडीत पंधरा प्रश्न होते आणि दोन पडाव, म्हणजे एकदा गाठल्यावर पुढे चुकलं तरी हातात राहणाऱ्या रकमा: १०,००० आणि ३,२०,०००. समजा स्पर्धकाने १२,५०,००० जिंकलेत आणि २५,००,००० चा प्रश्न समोर आहे. उठला तर साडेबारा लाख, चुकला तर ३,२०,०००, बरोबर आला तर पंचवीस लाख. चुकल्यास ९,३०,००० जातात, बरोबर आल्यास १२,५०,००० वाढतात. म्हणजे उत्तराची ४३ टक्के खात्री असली तरी कागदावरचा हिशेब खेळायला सांगतो. फिफ्टी-फिफ्टी वापरून दोन पर्याय उरले असतील तर डोळे मिटून अंदाज मारला तरी हरकत नाही, असं निघतं.

आणि तरी तिथे बहुतेक लोक उठतात. सत्तर टक्के खात्री असलेलेही उठतात. मला ते बरोबरच वाटतं. कारकुनाच्या घरात पहिले साडेबारा लाख आले की कर्ज फिटतं, मुलीची फी भरली जाते. पुढच्या साडेबारा लाखांनी आनंद वाढेल, पण दुप्पट होणार नाही. हातातले नऊ लाख गेल्याचं दुःख मात्र जन्मभर पुरेल. डॅनियल कानमन आणि एमॉस ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ मध्ये हेच मांडलं होतं: तेवढ्याच कमाईच्या आनंदापेक्षा तोट्याची कळ जास्त मोठी असते. हॉट सीटवर त्याचं प्रात्यक्षिक रोज बघायला मिळतं. याच्या उलट प्रकारही होतो. ३,२०,००० च्या पडावावर नुकत्याच पोचलेल्या माणसाला पुढच्या प्रश्नात काहीच गमवायचं नसतं. उत्तर चुकलं तरी तीच रक्कम हातात राहते. तिथे क्वचित कुणी घाबरून उठतो, तेव्हा कंट्रोल रूममध्ये आम्ही कपाळाला हात लावतो.

घरी सोफ्यावर बसलेल्याचे नऊ लाख पणाला लागलेले नसतात. म्हणून तो "अरे खेळ की!" म्हणून ओरडतो. तुमच्या बाबांची चिडचिड तिथून येते. स्पर्धकाला भीती वाटतेय आणि त्यांना नाही. एका प्रश्नापुरते ते त्याच्यापेक्षा शूर असतात, आणि उत्तर बरोबर निघालं तर हुशारही.

हा अनुभव घरच्या माणसाला मिळवून देणं हेच आमचं काम, म्हणून प्रश्न काढण्याबद्दल जरा विस्ताराने सांगते. लोकांना वाटतं की अवघड प्रश्न काढणं कठीण. तसं नाही. कुणालाच येणार नाही असा प्रश्न कुठल्याही राजपत्रातून पाच मिनिटांत निघतो. कठीण असतो तो निम्म्या घराला निम्मा येणारा प्रश्न. उदाहरण घ्या: 'यांपैकी कोणती नदी महाबळेश्वरला उगम पावत नाही?' पर्याय: कृष्णा, कोयना, सावित्री, भीमा. उत्तर भीमा, ती भीमाशंकरला उगम पावते. पण या प्रश्नाचा जीव भीमेत नाही, सावित्रीत आहे. सावित्री म्हटलं की मराठी माणसाला महाड आठवतं, २०१६ च्या पुरात वाहून गेलेला पूल आठवतो. ती तर कोकणातली नदी, महाबळेश्वरला कशी उगम पावेल? ज्याने शाळेच्या सहलीत पंचगंगा मंदिरातलं गोमुख बघितलंय, त्याला तिथली पाच नावं आठवू लागतात: कृष्णा, कोयना, वेण्णा, सावित्री, गायत्री. ज्याला काहीच माहीत नाही तो कुठेही बोट ठेवेल. ज्याला अर्धवट माहीत आहे तो सावित्रीपाशी अडकेल. असा एक चकवा सापडला की प्रश्न तयार झाला. सावित्रीऐवजी वेण्णा टाकली असती तर प्रश्न पडला असता, कारण वेण्णा लेक सगळ्यांना माहीत आहे.

शिडीतले खालचे, म्हणजे सुरुवातीचे सोपे प्रश्न तर आणखी नाजूक. आषाढीची यात्रा कुठे भरते, हे विचारणं टीव्हीसमोरच्याला बालिश वाटेल, पण त्याने स्पर्धकाचा आवाज सुटतो आणि घरातल्या सहा वर्षांच्या पोराला आयुष्यातलं पहिलं बरोबर उत्तर मिळतं. प्रखर दिवे, कॅमेरे आणि समोर बसलेली प्रसिद्ध व्यक्ती, या सगळ्यात माणसाला स्वतःच्या गावचं नावही आठवेनासं होतं, त्यामुळे सोप्या प्रश्नावर गळणाऱ्याला हसू नका. संच जुळवताना आम्ही घर डोळ्यांसमोर आणतो. एक प्रश्न आजीचा, स्वयंपाकातला किंवा पुराणातला. एक नातवाचा, क्रिकेटचा नाहीतर एखाद्या अॅपचा. एक वडिलांचा, राज्यघटनेतला. एक वर्तमानपत्र वाचणाऱ्याचा. रात्री झोपताना घरातल्या प्रत्येकाला 'एक तरी मला येत होता' असं वाटलं पाहिजे. मालिका बघताना आजी आणि नातू एकमेकांशी स्पर्धा करत नाहीत, इथे करतात. बऱ्याचदा आजी जिंकते.

केबीसीचा पहिला करोडपती मुंबईचा हर्षवर्धन नवाथे, साल २०००. त्याचा शेवटचा प्रश्न असा होता की भारतीय राज्यघटनेनुसार यांपैकी कोणाला संसदेच्या कामकाजात भाग घेता येतो. उत्तर महान्यायवादी, म्हणजे अॅटर्नी जनरल. सॉलिसिटर जनरल हा पर्याय त्याच्याच शेजारी ठेवलेला होता. प्रश्न काढणाऱ्याने किती नेमकं काम केलंय बघा. नवाथे यूपीएससीची तयारी करत होता. पुण्यात सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकांत बसणाऱ्या कुठल्याही मुलाने हे कलम वाचलेलं असतं, आणि एकाच प्रश्नावर सगळं ठरण्याची त्याला सवयही असते. फरक इतकाच की आयोगाच्या परीक्षेत निकालासाठी महिनोन् महिने थांबावं लागतं आणि इथे तो मिनिटभरात लागतो. स्पर्धा परीक्षांच्या या देशात हा खेळ रुजला नसता तरच नवल.

तपासणीचा भाग कंटाळवाणा आहे, पण सगळा विश्वास त्यावर उभा असतो. 'सर्वांत मोठा', 'सर्वांत पहिला' असे शब्द आले की मी प्रश्न बाजूला ठेवते, कारण 'पहिला' असल्याचा दावा करणारे नेहमी दोन तरी निघतात. चित्रीकरण आणि प्रक्षेपण यांच्यामधल्या काळात उत्तर बदलू शकतं, त्याची वेगळी काळजी. १ ऑगस्ट २०१४ ला पालघर वेगळा झाला आणि महाराष्ट्राचे जिल्हे ३६ झाले. मग औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर, उस्मानाबादचं धाराशिव, अहमदनगरचं अहिल्यानगर. दरवेळी प्रश्नांची अख्खी पेढी उपसून काढावी लागते. संदिग्ध प्रश्न सुटला तर काय होतं, हे ब्रिटनमध्ये २००६ मध्ये दिसलं. एका जोडप्याने धर्मादाय संस्थेसाठी खेळताना शेवटच्या प्रश्नावर ४,६८,००० पौंड घालवले. अमेरिकेचं ब्रीदवाक्य काय, असा तो प्रश्न होता. मागाहून तो नीट मांडलेला नव्हता हे निर्मात्यांनी मान्य केलं आणि त्यांना नव्या प्रश्नासाठी परत बोलावलं.

लाइफलाइनबद्दल एकच गंमत. अमेरिकी आवृत्तीत प्रेक्षकांच्या कौलाचं उत्तर ९१ टक्के वेळा बरोबर आल्याचं आढळलं, फोनवरच्या जाणकार मित्राचं सुमारे ६५ टक्के. ज्यांना येत नाही त्यांची मतं चारही पर्यायांत विखुरतात आणि ज्यांना येतं त्यांची एकाच जागी गोळा होतात, म्हणून असं होतं. पण जिथे गैरसमजच लोकप्रिय असतो तिथे हाच कौल बुडवतो. फ्रान्समध्ये पृथ्वीभोवती काय फिरतं, असं विचारलं तेव्हा प्रेक्षकांच्या बहुमताने सूर्य निवडला होता. आणि फोन करण्याचा सगळ्यात देखणा उपयोग १९ नोव्हेंबर १९९९ ला जॉन कारपेंटरने केला. दहा लाख डॉलरच्या प्रश्नावर त्याने वडिलांना फोन लावला आणि सांगितलं, मदत नकोय, मी जिंकणार आहे हे कळवायला फोन केलाय. अमेरिकेतला तो पहिला करोडपती, आपल्या भाषेत बोलायचं तर.

आता 'सगळं ठरलेलं असतं का' याकडे येते. हा संशय निराधार नाही, त्याला इतिहास आहे. १९५६-५७ मध्ये एनबीसीच्या 'ट्वेंटी वन' या कार्यक्रमात चार्ल्स व्हॅन डोरेन नावाचा देखणा, तरुण प्राध्यापक आठवड्यामागून आठवडे जिंकत राहिला. त्याच्याआधीचा विजेता हर्ब स्टेम्पेल याला निर्मात्यांनी हरायला सांगितलं होतं. कोणत्या प्रश्नावर चुकायचं, कधी घाम पुसायचा, सगळं पढवलेलं. १९५९ मध्ये अमेरिकी काँग्रेसच्या समितीपुढे व्हॅन डोरेनने ते कबूल केलं. १९६० मध्ये कायदा बदलला आणि अशी फसवणूक गुन्हा ठरली. मोठ्या रकमांच्या प्रश्नमंजूषा तिथून जवळपास नाहीशा झाल्या आणि नव्वदच्या दशकाच्या अखेरीस परतल्या. परतल्या तेव्हा रचना अशी होती की नाटक पढवण्याची गरजच उरली नव्हती. घाम आपोआप येतो. २००१ मध्ये 'मिलियनेअर'मध्ये ब्रिटिश लष्करातल्या मेजर चार्ल्स इंग्रमने दहा लाख पौंड जिंकले, पण बरोबर पर्यायावर सभागृहातून खोकला ऐकू येत होता हे ध्वनिमुद्रणात सापडलं. २००३ मध्ये तो दोषी ठरला. इथे निर्मात्याने नव्हे, स्पर्धकाने फसवलं होतं, आणि पकडलं ते निर्मात्यांनीच.

मी जिथे काम केलं तिथली पद्धत सांगते. प्रश्न काढणाऱ्याला कुठला प्रश्न कोणाला जाणार हे माहीत नसतं. संच संगणकातून निघतो. स्पर्धकांचे फोन आधीच काढून घेतात. मूळ रचनेत सूत्रसंचालकालाही उत्तर लॉक झाल्यावरच कळतं. ठरलेलं असतं ते बाकीचं. स्पर्धकाच्या गावात जाऊन केलेली छोटी फिल्म, त्याला कोणत्या आठवणीबद्दल बोलतं करायचं, निकालाआधी किती थांबायचं, कुणाच्या चेहऱ्यावर कॅमेरा न्यायचा. रक्कम चढते तशी पार्श्वसंगीताची पट्टीही अर्ध्या-अर्ध्या स्वराने चढवलेली असते. तुम्हाला ते कळत नाही, पण छातीला कळतं. याला कुणी बनाव म्हटलं तर मी वाद घालणार नाही. उत्तर मात्र खरं असतं.

आपल्याकडे आणखी एक गोष्ट घडली, ती परदेशी रचनेत नव्हती. २००० साली अमिताभ बच्चन सत्तावन्न वर्षांचे होते, कंपनी कर्जात बुडालेली, सिनेमे पडत होते. ते छोट्या पडद्यावर आले आणि समोरच्या अनोळखी माणसाला 'आप' म्हणत खुर्चीपर्यंत घेऊन गेले. बँकेत, कचेरीत, रेशनच्या रांगेत ज्याला कुणी बसा म्हणत नाही, त्याला खुर्ची दिली गेली. त्याच सुमारास स्पर्धकाचा पाणउतारा हाच ज्याचा मसाला होता असा एक ब्रिटिश कार्यक्रम 'कमजोर कडी कौन' या नावाने आला, सूत्रसंचालन नीना गुप्ता यांचं. तो टिकला नाही. ब्रिटनमध्ये अपमान ऐकायला लोक जमले, इथे नाही जमले. मराठीत २०१३ मध्ये ई टीव्हीवर सचिन खेडेकरांनी आणि २०१९ मध्ये सोनी मराठीवर नागराज मंजुळे यांनी हीच खुर्ची सांभाळली. दोघांची धाटणी वेगळी, पण समोरच्याचा मान राखणं तेच.

त्याच २०१९ मध्ये हिंदी केबीसीत अमरावती जिल्ह्यातल्या अंजनगाव सुर्जीच्या बबिता ताडे यांनी एक कोटी जिंकले. शाळेत महिना दीड हजारावर खिचडी शिजवणाऱ्या बाई. त्या भागात मला रकमेपेक्षा वेगळंच दिसलं. या बाईंना इतकं येतं हे आजवर कुणी विचारलंच नव्हतं. आपल्या घराघरांत अशा बायका आहेत, शब्दकोडी सोडवणारे निवृत्त कंडक्टर आहेत, सगळं वाचलेले पण बारावीला थांबलेले काका आहेत. त्यांच्या ज्ञानाला गुणपत्रिका नाही. तुमचे बाबा काय करायचे मला माहीत नाही, पण ते उत्तर मोठ्याने का देतात याचा अंदाज आहे.

पैशाची दुसरी बाजूही सांगायला हवी. २०११ मध्ये पाच कोटी जिंकलेले मोतीहारीचे सुशील कुमार महिना सहा-साडेसहा हजारांवर संगणकचालक होते. पुढे फसवणूक, व्यसन आणि वाया गेलेली वर्षं याबद्दल त्यांनी स्वतःच जाहीरपणे लिहिलं. मग ते शिकवण्याकडे आणि झाडं लावण्याकडे वळले.

फोनचं म्हणाल तर फोन उत्तर देतो, पण उत्तर हा आमचा माल कधीच नव्हता. दोन मिनिटांची घालमेल हा आमचा माल, आणि फोन ती एका सेकंदात संपवतो. धोका खरा आहे तो अतिरेकाचा. अमेरिकेत एबीसीने १९९९ मध्ये हा खेळ आणला, गाजला म्हणून आठवड्यातून चार-पाच रात्री दाखवला आणि २००२ पर्यंत मुख्य वेळेतून तो उठलाही. केबीसी वर्षातले काही महिनेच येतं, तेवढी सुट्टी त्याला पुरते.

बाबांना भाग घ्यायचा असेल तर दोन गोष्टी. जिंकलेल्या रकमेवर सरसकट ३० टक्के कर लागतो, वर उपकर, आणि रक्कम मोठी असेल तर अधिभारही. नेहमीच्या उत्पन्नावर मिळते ती किमान सूट इथे नाही. दुसरं, नोंदणीसाठी किंवा बक्षीस सोडवण्यासाठी कुणीही पैसे मागत नाही. 'केबीसीची पंचवीस लाखांची लॉटरी लागली' असा व्हॉट्सअॅप संदेश बच्चन यांच्या फोटोसह वर्षानुवर्षं फिरतोय. केबीसीत लॉटरी हा प्रकारच नाही. असा संदेश बाबांच्या फोनवर आला तर त्यावरच्या क्रमांकाला फोन करू देऊ नका, आणि पैसे गेलेच असतील तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला कळवा.